कोरं कपाळ

"रणदिवे, तुझ्या बाईचं कुंकू परत गेलं गं!"

जयवंत साळोखेनं हॉलच्या दारातूनच आरोळी ठोकली. मी पायऱ्यांवर होते. सकाळी सकाळी याला गंमत सुचली असेल म्हणून मी चप्पल काढत शांतपणे आत गेले, आणि ईझलसमोर उभी राहिले.

आदल्या संध्याकाळी मी चित्रातल्या मुलीच्या कपाळावर ठसठशीत, रुपयाएवढं कुंकू काढलं होतं. तिथं आता एक गुलाबीसर ओघळ होता, मधून सुरू होऊन उजव्या भुवईपर्यंत गेलेला. बाकी चेहऱ्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. ही दुसरी खेप होती. पहिल्यांदा मी जयवंतचेच कान उपटले होते.

"मी नाही हां," तो आताही आधीच हात वर करून म्हणाला. "आईशप्पथ. तुला रंग चिकटवता येत नसेल. नाचता येईना अंगण वाकडं!"

"ऑइल आहे ते, गोंद नाही चिकटवायला," मी म्हटलं. पण आवाजात दम नव्हता.

ही गोष्ट शहात्तर सालची, कोल्हापुरातली. आमची चित्रशाळा लहान, विद्यार्थी मोजके, आणि उरुणकर सर एकटेच सगळ्यांना पुरून उरणारे. गावातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा सरांनी तिथले विनामालकीचे फोटो पेटी भरून उचलून आणले. पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कडा वाळवीनं खाल्लेले. पागोटेवाले, पैलवान, शाळामास्तर, नटून बसलेल्या बायका. कुणाचंही नाव ठाऊक नाही. सरांनी फर्मान काढलं, "प्रत्येकानं एक फोटो घ्यायचा आणि त्यावरून तैलचित्र करायचं. वार्षिक प्रदर्शनाचा विषय हाच. गेलेली माणसं." त्यांची एक पद्धत होती. फोटोवरून काम सुरू करायच्या आधी समोरच्या माणसाला विचारायचं, "बसलात का नीट? सुरू करू?" जिवंत मॉडेलला विचारतात तसं. मला हसू यायचं, पण विचारल्याशिवाय सर ब्रशला हात लावू देत नसत.

माझ्या वाट्याला आली ती एक मुलगी. दहा-अकरा वर्षांची असेल. मोठ्या बाईचं लुगडं आणि ढीगभर दागिने घालून खुर्चीवर बसवलेली. पाय जमिनीला टेकत नव्हते. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती, आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी ठेवलेली तलवार. मुलीचा हात तलवारीच्या मुठीवर होता.

"खांड्याचं लग्न आहे हे," सर म्हणाले होते. "नवरा लढाईवर असला की त्याची तलवार आणून तिच्याशी लग्न लावायचे मोठ्या घरांतून. पहिल्या महायुद्धाच्या वेळचं दिसतंय. आणि हे बघ, कपाळावर काळं दिसतंय ना, ते कुंकू. त्या काळी फोटो काचेवर घ्यायचे, त्यात लाल रंग काळा उमटायचा. तू लालच काढ."

म्हणून मी लाल काढलं होतं. आणि ते पुसलं जात होतं.

मला त्या मुलीचा लळा लागला होता हे कबूल करते. घरी तोंडाळ म्हणून माझी ख्याती, पण तिच्यासमोर बसले की मी मवाळ व्हायचे. बिचारी नवऱ्याऐवजी लोखंडाशेजारी बसलीय, निदान कुंकू तरी झळाळतं देऊ, असं मनात होतं. मी पुन्हा रंग कालवला. या वेळी थोडा घट्ट, आणि तिसऱ्यांदा कुंकू भरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर येऊन बघते तर कपाळ स्वच्छ!

आता हॉलमध्ये कुणी हसलं नाही. शकुंतला जाधव माझ्या शेजारी काम करायची, तिनं आपलं ईझल गुपचूप चार हात लांब नेलं. दुसऱ्या दिवशी माझ्या ईझलच्या पायाशी कुणीतरी लिंबू ठेवलेलं सापडलं.

"अगं, तिलाच नको असेल," शकुंतला हळूच म्हणाली.

"कुणाला?"

तिनं कॅनव्हासकडे हनुवटी हलवली.

"वेडी का गं तू? अठ्ठावन्न-साठ वर्षं झाली असतील त्या फोटोला. ती कधीच गेली."

"म्हणून तर म्हणतेय."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हते. पण त्या दिवशी मी रिकामी खुर्ची रंगवायला घेतली आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. तलवार आडवी खुर्चीच्या हातांवर होती, खालच्या गादीला ती टेकतही नव्हती. तरी गादी मधोमध दबलेली होती. चांगली खोल. वर कुणीतरी बसल्यावर दबते तशी. मी भिंग मागून आणलं, सरांना दाखवलं.

"जुनी गादी असेल. नाहीतर काचेवरचा दोष," सर म्हणाले. मग भिंग माझ्या हातात परत देताना त्यांनी फोटो पालथा घातला. त्यांनाही तो बघवत नव्हता, हे मला कळलं.

प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. उद्घाटनाला गावातले एक बडे सरदार घराण्यातले गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी येणार होत्या. सरांच्या डोक्यातून निघालेली कल्पना अशी की, ही सगळी आपली पूर्वज मंडळी, तेव्हा नुसती फीत कापायची नाही, प्रत्येक चित्राचं रीतसर प्रतिमापूजन करायचं. चंदनाचे हार आणून ठेवले होते. आणि माझ्या चित्रातल्या नवरीचं कपाळ डागाळलेलं.

"रणदिवे, हे असं टांगता येणार नाही," सरांनी बजावलं. "कुंकू काय ते एकदा पक्कं कर."

मी ठरवलं, कोण पुसतंय ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. कुंकू हॉल रिकामा असतानाच जातं हे आता माझ्या लक्षात आलं होतं. संध्याकाळी आम्ही गेल्यावर कुलूप लागायच्या आत, नाहीतर दुपारच्या सुट्टीत. त्या दिवशी सकाळीच कुंकू काढलं, सगळे डबे घेऊन बाहेर लिंबाखाली गेले, आणि मी मॉडेलच्या मागे लावायच्या निळ्या पडद्याआड जाऊन बसले.

चैत्रातली दुपार. बाहेर टळटळीत ऊन, आत टर्पेंटाइनचा वास आणि भिंतीला ओळीनं लावलेले ते सगळे नाव नसलेले चेहरे. आम्ही डोळे अगदी जिवंत काढले होते. कुठंही बसलं तरी कुणीतरी आपल्याकडं बघतंय असं वाटायचं. आमच्याकडं बायका म्हणतात, बाराची वेळ वाईट, रात्रीपेक्षा वाईट. मी एरवी अशा बोलण्याला हसायचे. त्या दुपारी पडद्याआड मला हसू आलं नाही. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

पावलांचा आवाज आला. अनवाणी पावलं, न घाबरता, न थांबता चालत येणारी. माझ्या ईझलपाशी ती थांबली.

पडद्याच्या फटीतून मला आधी फक्त हात दिसला. वाळलेला, शिरा वर आलेला. हातानं पदराचं टोक टर्पेंटाइनच्या वाटीत बुडवलं. मग अंगठा त्या कपाळावर टेकला, आणि मधून उजवीकडं, एकाच दाबानं, ओढत नेला.

मग ती बाई थोडी मागं सरली आणि चित्राकडं बघत उभी राहिली. चित्रातली मुलगी तिरकी बसलेली, बाईही तिरकी उभी. दोघींचे चेहरे मला एका बाजूनं, एकाच वेळी दिसले. उरुणकर सर नेहमी म्हणायचे, "चेहरा म्हातारा होतो, कान होत नाही. कान नीट बघून काढा." मी तो कान आठवडाभर काढत होते. वरची कड आत दुमडलेली, पाळी गालाला चिकटलेली. तोच कान आता रंगाशिवाय, सुरकुत्यांमध्ये, माझ्यासमोर होता.

ती द्वारकाआक्का होती. शेजारच्या वर्गात दुपारी मॉडेल म्हणून बसायला यायची ती. आम्ही सगळ्यांनी तिला डझनभर वेळा काढलं होतं. सुट्टीत ती गारव्याला आमच्या हॉलमध्ये पडायची, दारवानाशी गप्पा मारत सगळ्यांच्या शेवटी जायची. पोटभर पाणी पिऊन पुतळ्यासारखी बसायची, म्हणून सरांची लाडकी. एवढ्यापलीकडं तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

मी पडदा सारला. आक्का दचकली नाही. पदराचं लाल टोक मुठीत धरून म्हणाली, "बसलीयास व्हय हितं? मला वाटलंच, कवातरी बसशील."

"आक्का, ही तुम्ही?"

"व्हय."

"अहो, मग सांगायचं नाही का! आम्ही सगळे तुम्हाला मेलेली समजून..." मी जीभ चावली.

"मेलेलीच की ती." आक्का खाली फरशीवर बसली. मीही बसले. "तुमच्या सरांनी फोटू मांडलं तवाच मला दिसला. सांगितलं असतं तर म्हनला असता, ये आक्का, शेजारी बस, लोकास्नी दाव. आनि त्या घरच्यांच्या कानावर गेलं असतं. न्हाई म्हटलं."

"पण कुंकू का पुसता? फोटोत आहे ते. चांगलं मोठं आहे."

"फोटू खोटा हाय."

"फोटो खोटा कसा असेल, आक्का?"

ती मुलीच्या हाताखालच्या तलवारीकडं बोट करून बोलू लागली, आणि बोलताना तिचा आवाज एकदाही चढला नाही.

"त्यो बसऱ्याला हुता, लढाईवर. मी त्याला बगितलाबी न्हवता. थोरलं घर, आमी गरीब. तलवार घिऊन आले, लगीन लावलं. त्याच दिशी स्टुडिओत आनलं. सासूनं माज्या कपाळाला कुंकू लावलं, ह्या अंगठ्यानं, असं दाबून. म्हनली, तलवारीवर हात ठेव, हलू नगंस, हलल्यावर फोटू बिघडतुया. मी न्हाई हलले. मग महिन्याभरात खबर आली, त्यो गेला म्हनून."

"अरेरे."

"अरेरे काय, ऐक की म्होरं. खबर आली तवा घरात कुनीच रडलं न्हाई. सासू न्हाई, सासरा न्हाई, नणंदा न्हाईत. मला लई नवल वाटलं. आमचा बैल मेला तरी माजी आई दोन दिस रडली हुती. आनि मग मला आठिवलं, लग्नाच्या दिशी सासू न्हाणीत तोंडात पदर कोंबून रडत हुती. मी इचारलं तर म्हनली, डोळ्यात धूर गेला." आक्कानं माझ्याकडं पाहिलं. "त्यांचं आदीच रडून झालं हुतं, पोरी. लगीन लागलं तवा त्यो मेलेला हुता."

मला आधी नीट उमजलंच नाही. "मेलेल्या माणसाशी लग्न कशाला लावतील?"

"वतन भाऊबंदांकडं जायाचं हुतं. ते वाचवायला दत्तक पायजे. दत्तक घ्यायला रांडमुंड का हुईना, त्याची बायकू पायजे. म्हनून मी. आनि सरकारी खबर यायच्या आदी लगीन झालं ह्याचा पुरावा म्हनून ह्यो फोटू. कचेरीत दावला त्यांनी. कुंकू केवढं मोठं लावलंय बघ, साऱ्यांस्नी दिसावं म्हनून. ज्या अंगठ्यानं लावलं त्याच अंगठ्यानं पुसलं तिनं. माजा कागदावर अंगठा घेतला, दत्तक मांडीवर ठेवला, आनि त्यो मोठा झाल्यावर मला त्या घरात कुत्रं इचारंना. मी निघून आले."

बाहेर लिंबाखाली पोरं खिदळत होती. मी विचारू नये ते विचारलं. "आक्का, त्या खुर्चीवर कुणी बसलं होतं का? गादी दबलीय."

"कुनी न्हवतं," ती म्हणाली. "पन दबलेली मी बगितली. माजा हात तलवारीवर हुता. मूठ गार पडत गेली. हलू नगंस म्हनलेले, मग मी न्हाई हलले." तिनं चित्राकडं पाठ केली. "मी मढ्याच्या शेजारी बसलेली हाय त्यात. पोरी, त्याच्या नावचं कुंकू नगं लावूस मला. फोटू एकदा खोटं बोलला, तू तरी नगं बोलूस. आनि ही मी हाय, हे कुनाला सांगायचं न्हाई."

मी तिचा हात धरला आणि शब्द दिला. त्या क्षणी मला त्या सासूचा, त्या घराचा, त्या कॅमेरेवाल्याचा इतका संताप आला की कपाळाची शीर उडत होती. आणि मी मूर्ख, त्याच कुंकवाला लाल रंग कालवत बसले होते.

सरांना मी एवढंच सांगितलं, "सर, कुंकू रंगवणार नाही."

"फोटोत आहे ना?"

"आहे."

"मग? रणदिवे, आपण इतिहास काढतोय. आपल्या मर्जीनं कुणाचं सवाष्णपण पुसायचं नसतं. ही तर नवरी आहे! लोक मला काय म्हणतील?"

"म्हणू देत. मार्क कापा, हवं तर चित्र उतरवा. कुंकू मी रंगवणार नाही."

सरांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. शेवटी "अति शहाणा त्याचा बैल रिकामा" असं पुटपुटत निघून गेले. चित्र मात्र उतरवलं नाही. डाग घालवण्यासाठी मी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते कपाळ पुन्हा एकदा कातडीच्या रंगानं सपाट भरलं.

उद्घाटनाला हॉल गच्च भरला होता. सगळे फोटो चित्रांखाली लावलेले, वर समयांचा उजेड. पाहुणे एकेका चित्राला चंदनाचा हार घालत होते, मागून त्यांच्या पत्नी, वहिनीसाहेब, हळदीकुंकवाचं तबक घेऊन बायकांच्या चित्रांपुढं कुंकू वाहत होत्या. सर प्रत्येक चित्राची माहिती देत होते. आक्का मागच्या भिंतीला टेकून उभी होती, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून. मी तिला येऊ नका म्हटलं होतं. ती आलीच.

माझ्या चित्राला हार पडला. जिवंत बाईच्या डोळ्यांदेखत तिच्या चित्राला हार. पण मी शब्द दिला होता.

वहिनीसाहेब थबकल्या. "अगंबाई! नवरी आणि कपाळ रिकामं? काढायचं राहिलंच की पोरांकडून." त्या प्रेमानं हसल्या, करंगळीशेजारचं बोट तबकात बुडवलं आणि कुणी काही म्हणायच्या आत थेट त्या कपाळावर टेकवलं.

मी हात पुढं केला, पण तोवर लाल ठसा उमटला होता. आवाज आला तो मागून.

"त्ये पुसा."

माणसं वळली. गर्दी आपोआप बाजूला झाली आणि आक्का पुढं आली. ती चित्राशेजारी उभी राहिली, आणि मला कुणाला काही सांगावं लागलं नाही. समयांच्या उजेडात दोन्ही चेहरे जवळजवळ होते. आधी सरांनी पाहिलं. मग शकुंतलेनं तोंडावर हात घेतला. मग कुजबुज सगळ्या हॉलभर गेली आणि एकदम बंद झाली.

"आक्का... ही तुम्ही?" सरांचा आवाज चिरकला. "अरे, जिवंत बाईला हार! काढा, काढा तो आधी!" ते स्वतःच धावले.

"हार ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली. "मी मेल्यावर घालनारं कोन हाय? त्ये कुंकू तेवडं काढा."

वहिनीसाहेब गोठल्यासारख्या उभ्या होत्या, लाल बोट हवेत. सर जागचे हलेनात. मी पुढं झाले, अंगठ्यानं कुंकू पुसायला गेले. ते निघेना. रंग ओला होता आणि पूड त्यात रुतून बसली होती. जितकं पुसावं तितकं पसरत होतं, सगळं कपाळ लाल होत होतं.

"सुरी आन," आक्का म्हणाली.

मी रंगाची सुरी आणली. भरल्या हॉलसमोर, महिनाभर खपून काढलेल्या चेहऱ्याला सुरी लावली आणि खरवडलं. लाल थर निघाला. त्याखाली कातडीचा रंग, त्यातही लाली उतरलेली.

"आजून," आक्का म्हणाली.

मी खरवडत गेले. कॅनव्हासचे धागे दिसायला लागले तेव्हा तिनं माझा हात धरून थांबवला. त्या उघड्या पडलेल्या कापडावरून तिनं हळूच अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडं पाहिलं. काहीच लागलं नव्हतं.

"आता ही कुनाची न्हाई," ती म्हणाली.

मग तिनं मुलीच्या गळ्यात एका बाजूला घसरलेला हार सरळ केला आणि पुढचं चित्र बघायला गेली.